दीक्षा सोडलेल्यांचे निवृत्तिवेतन

धर्मसंस्थेच्या सेवेत उमेदीची वर्षे घालवून जो माणूस ती सेवा, आणि कधी कधी ती श्रद्धाही, सोडून बाहेर पडतो, त्याच्या म्हातारपणाची तजवीज कोणी करायची? फ्रान्समध्ये हा प्रश्न १७९० पासून पुन्हा पुन्हा उभा राहिला आहे. कॅथलिक धर्मगुरू, मठवासी आणि धर्मभगिनी यांच्या बाबतीत या देशाने एकमेकांच्या अगदी उलट व्यवस्था करून पाहिल्या. १७९३ मध्ये पद सोडणाऱ्याला सरकारने वर्षासन दिले. पुढच्या काळात पद सोडणाऱ्याच्या हाती जवळजवळ काहीच पडत नव्हते. १९७८ च्या कायद्याने राहिलेला आणि गेलेला यांच्यात भेद न करणारे निवृत्तिवेतन सुरू केले, तरी त्यासाठी कोणती वर्षे धरायची यावरचे कोर्टकज्जे २०१४ मध्येही चालू होते.

श्रद्धा सोडणे वेगळे आणि दीक्षा सोडणे वेगळे, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. झगा उतरवून लग्न केलेले, शाळेत किंवा कारखान्यात नोकरी धरलेले अनेक माजी धर्मगुरू मरेपर्यंत श्रद्धावंत ख्रिस्ती राहिले. काहींची श्रद्धा आधीच विरली होती आणि दीक्षा नंतर सुटली. फ्रेंच भाषेत अशा माणसाला ‘देफ्रोके’, म्हणजे झगा उतरवलेला, म्हणतात. या शब्दात हेटाळणी आहे. माणसाच्या मनात काय उरले आहे हे कोणत्याही कचेरीला मोजता येत नाही. वय, सेवेची वर्षे आणि सही केलेला कागद एवढेच तिला मोजता येते. या विषयाचा इतिहास म्हणजे मुख्यतः या तीन गोष्टींचा इतिहास आहे.

क्रांतीपूर्वीच्या फ्रान्समध्ये धर्मगुरूला सरकारी पगार नव्हता. प्रत्येक धर्मपदाला जमिनीचे, दशमांशाचे किंवा देणग्यांचे उत्पन्न जोडलेले असे. पद ज्याचे, उत्पन्न त्याचे. गावचा दशमांश एखाद्या मठाकडे जात असला तर त्या मठाने गावच्या धर्मगुरूला किमान ठरावीक रक्कम द्यावी, अशी राजाज्ञा होती. ही रक्कम १६८६ मध्ये ३०० लिव्हर, १७६८ मध्ये ५०० आणि १७८६ मध्ये ७०० लिव्हर ठरवण्यात आली. थकलेला धर्मगुरू दुसऱ्याच्या नावे पद सोडताना उत्पन्नाचा काही हिस्सा स्वतःकडे राखून ठेवू शकत असे. म्हातारपणाची सोय म्हणायची ती एवढीच, आणि तीही पद रीतसर दुसऱ्याच्या हाती दिले तरच.

मठवाशांची गत याहून कठीण होती. कायमची शपथ घेतली त्या दिवसापासून माणूस कायद्याच्या लेखी मेलेला ठरे. वडिलांच्या मालमत्तेत त्याला वाटा नसे, करार करता येत नसे, मृत्युपत्र लिहिता येत नसे. मुलीला मठात धाडताना घरच्यांनी दिलेला हुंडा मठाच्या तिजोरीत जाई. मठातून निघून गेलेला माणूस पळपुटा समजला जाई आणि त्याला पकडून परत आणता येई. जो कायद्याने मेलेलाच आहे त्याच्या निवृत्तिवेतनाचा विचार कोणी करण्याचे कारणच नव्हते.

२ नोव्हेंबर १७८९ रोजी राष्ट्रसभेने चर्चची सारी मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात घेतली. मूळ सूचना मांडणारा तालेरां स्वतः ओतुंचा बिशप होता. मालमत्ता घेतली तशी जबाबदारीही आली: उपासनेचा खर्च, गरिबांना मदत आणि धर्मगुरूंचा चरितार्थ. गावच्या धर्मगुरूला राहते घर आणि बाग सोडून वर्षाला किमान १२०० लिव्हर मिळतील, असे याच ठरावात नमूद झाले. फ्रान्समधला धर्मगुरू येथून पुढे सरकारचा पगारदार झाला, आणि पगारदार म्हटला की पेन्शनचा विषय निघणारच.

तो पहिल्यांदा निघाला मठवाशांसाठी. १३ फेब्रुवारी १७९० च्या ठरावाने मठाच्या कायमच्या शपथा कायद्याने रद्द केल्या. ज्याला बाहेर पडायचे असेल त्याने नगरपालिकेत जाऊन तसे सांगावे, इतकी साधी रीत ठेवली गेली. पाठोपाठ दर ठरले. भिक्षेवर जगणाऱ्या संघांतल्या मठवाशाला पन्नाशीपर्यंत वर्षाला ७०० लिव्हर, पन्नास ते सत्तर या वयात ८०० आणि सत्तरीनंतर १०००. जमीनजुमला असलेल्या संघांतून आलेल्याला अनुक्रमे ९००, १००० आणि १२००. मठातली अंगमेहनतीची कामे करणाऱ्या, दीक्षा नसलेल्या बंधूंना मात्र ३००, ४०० आणि ५०० लिव्हर. मठाच्या भटारखान्यात आणि शेतात जन्म काढलेल्या माणसाला त्याच मठातल्या विद्वानाच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी मिळाले. समतेच्या नावाने आलेल्या क्रांतीने मठातली उतरंड पेन्शनच्या तक्त्यात जशीच्या तशी उतरवून घेतली, ही तिची चूकच म्हणावी लागेल. तरीही या तक्त्याचे मोल कमी नाही. भिक्षेकरी मठवाशाला मिळू लागलेले ७०० लिव्हर म्हणजे चारच वर्षांपूर्वी गावच्या धर्मगुरूसाठी ठरलेली किमान रक्कम. मठ सोडणाऱ्याला उपाशी मरावे लागू नये हा विचार युरोपच्या एका मोठ्या राज्याने हिशेबाच्या वहीत उतरवला होता.

धर्मगुरूंच्या बाबतीत गोष्टी लवकरच बिघडल्या. १२ जुलै १७९० च्या कायद्याने चर्चची सगळी रचनाच सरकारने नव्याने बसवली आणि नोव्हेंबरमध्ये प्रत्येक सेवारत धर्मगुरूने या रचनेशी निष्ठेची शपथ घ्यावी असे फर्मान निघाले. गावोगावच्या धर्मगुरूंपैकी निम्म्याहून थोड्या अधिक जणांनी शपथ घेतली, बाकीच्यांनी नाकारली. नाकारणाऱ्यांचे पद गेले, पण १७९१ च्या आरंभी त्यांनाही वर्षाला ५०० लिव्हर देण्याचे ठरले. सद्सद्विवेकामुळे पगार सोडणाऱ्यालाही काही द्यावे, ही उदारता फार टिकली नाही. ऑगस्ट १७९२ मध्ये सरकारी पैसा घेणाऱ्या प्रत्येकासाठी स्वातंत्र्य आणि समतेची नवी शपथ सक्तीची झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस जुनी शपथ नाकारलेल्या धर्मगुरूंना देशाबाहेर घालवण्याचा कायदा आला. पेन्शन हातात ठेवून माणसाला वाकवता येते, हे सरकारला आता उमगले होते.

१७९३ च्या शरद ऋतूत या हत्याराचा पुरा वापर झाला. निएव्र प्रांतात फूशेने, आणि इतरत्र त्याच्यासारख्या सरकारी प्रतिनिधींनी, चर्चची दारे बंद करण्याची मोहीम काढली. ७ नोव्हेंबरला पॅरिसचा बिशप गोबेल आपल्या सहायकांसह राष्ट्रीय अधिवेशनासमोर, म्हणजे त्या वेळच्या संसदेसमोर, आला आणि त्याने आपली धर्मपदाची कामे सोडली. त्याच दिवशी त्याच सभागृहात ब्ल्वाचा बिशप आंरी ग्रेगवार याने मात्र पद सोडायला साफ नकार दिला. तो निष्ठावंत प्रजासत्ताकवादी होता, तरी बिशपच राहिला. गोबेलचा एप्रिल १७९४ मध्ये गिलोटिनवर शेवट झाला. पद सोडल्याने त्याचा जीव वाचला नाही.

गोबेलनंतर दोनच आठवड्यांनी, २२ नोव्हेंबर १७९३ रोजी, या इतिहासातला सर्वात विलक्षण कायदा झाला. जे बिशप, धर्मगुरू आणि सहायक धर्मगुरू आपली दीक्षा व तिची कामे सोडतील, त्यांना प्रजासत्ताकाकडून वर्षासन मिळेल असे त्याने जाहीर केले. पन्नाशीच्या आतल्याला ८०० लिव्हर, पन्नास ते सत्तर वयाच्याला १००० आणि सत्तरीवरच्याला १२००. आकडे मठवाशांच्या तक्त्याशी मिळतेजुळते, पण अट नवी होती. १७९० मध्ये मठवाशाला बाहेर पडायची मोकळीक होती आणि पेन्शन ही त्या मोकळिकीची पूर्तता होती. १७९३ मध्ये धर्मगुरूपुढे चर्चला कुलूप लागलेले होते, तुरुंग समोर होता, आणि वर्षासन हे त्याच्या सहीचे मोल होते.

ही सही कशी होई ते जवळून पाहण्यासारखे आहे. धर्मगुरू नगरपालिकेत किंवा जिल्ह्याच्या कचेरीत येई आणि आपले दीक्षापत्र टेबलावर ठेवी. दीक्षापत्र म्हणजे बिशपच्या नावाने निघालेला, त्याच्या मोहरेचा लॅटिन कागद. उपदीक्षा, सेवकदीक्षा आणि धर्मगुरूदीक्षा यांचे कागद निरनिराळे असत, त्यामुळे कधी एक कागद तर कधी गाठोडेच जमा होई. कारकून नाव, वय, गाव लिहून घेई आणि पद सोडल्याचे निवेदन नोंदवहीत उतरवी. पुष्कळ निवेदने चार ओळींची, कोरडी आहेत: अमुक गावचा अमुक यापुढे ती कामे करणार नाही. काहींनी मात्र आजवर लोकांना फसवले असे लांबलचक लिहिले. त्यातले किती शब्द स्वतःचे आणि किती समोर बसलेल्या अधिकाऱ्याचे, हे सांगणे अवघड आहे. कित्येक ठिकाणी जमा झालेले कागद गावच्या चौकात जाळले गेले. दीक्षा पुसता येत नाही असे कॅथलिक चर्च मानते, पण कागद जळताना पाहणाऱ्या माणसाला आपल्या वीस-तीस वर्षांचा धूर झालेला दिसत असणार.

त्यानंतर सुरू होई पैसे मिळवण्याची खटपट. हप्ता घ्यायला जाताना हयातीचा दाखला, वास्तव्याचा दाखला आणि नागरिक म्हणून निष्ठावंत असल्याचा दाखला लागे. हे दाखले स्थानिक अधिकाऱ्यांच्या हाती होते. ज्याने सही करताना का-कू केली होती, लग्न करायला टाळाटाळ केली होती किंवा गुपचूप कोणाचा बाप्तिस्मा केला होता, त्याचा दाखला अडवणे सोपे होते. पन्नाशीच्या आतल्या धर्मगुरूचे गणितही तोट्याचेच होते: पगाराचे १२०० लिव्हर गेले, हाती ८०० आले. इतिहासकारांच्या अंदाजाने सुमारे वीस हजार धर्मगुरूंनी या काळात दीक्षा सोडल्याचे लिहून दिले आणि त्यांपैकी सुमारे सहा हजारांनी लग्ने केली. काहींची लग्ने खरी होती, काहींनी घर सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या बाईशी नावापुरते लग्न लावून जीव वाचवला. त्यांना एका शब्दात धर्मभ्रष्ट म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

वर्षभरातच सरकारने उपासनेच्या खर्चातून अंगच काढून घेतले. १८ सप्टेंबर १७९४ रोजी अधिवेशनाचा सदस्य कांबों याच्या प्रस्तावावरून प्रजासत्ताकाने कोणत्याही धर्माचा खर्च किंवा पगार देणे थांबवले. पूर्वीच्या धर्मगुरूंचे वर्षासन तेवढे चालू राहिले, आणि दीक्षा सोडलेला व न सोडलेला हा फरक त्यात उरला नाही. कागदावर हा न्याय होता. प्रत्यक्षात रक्कम कागदी नोटांत मिळत होती आणि या नोटांची किंमत दर महिन्याला घसरत होती. १७९६ च्या सुरुवातीला नोटेवर छापलेल्या आकड्याच्या शंभराव्या हिश्शाइतकेही तिचे मोल राहिले नव्हते. ८०० लिव्हर मिळाले तरी त्यात काही दिवसांचा पाव येई. सप्टेंबर १७९७ मध्ये सरकारने आपले दोन तृतीयांश देणे बुडवले, त्यात या पेन्शनीही एक तृतीयांशावर आल्या: ८०० चे २६७, १००० चे ३३३ आणि १२०० चे ४०० फ्रँक (लिव्हरच्या जागी आता फ्रँक आला होता). पुढच्या शतकात हेच आकडे धर्मगुरूंच्या पेन्शनच्या याद्यांत भेटत राहतात.

१८०१ मध्ये नेपोलियनने पोपशी तह केला आणि एप्रिल १८०२ मध्ये त्याची अंमलबजावणी सुरू झाली. धर्मगुरूंना पुन्हा सरकारी पगार लागू झाला: पहिल्या वर्गाला १५०० फ्रँक, दुसऱ्याला १०००. त्यासोबतच्या नियमांत एक कलम होते की आधीची पेन्शन या पगारातून वळती केली जाईल. दुसरे कलम त्याहून दूरवर जाणारे होते. लहान गावांतले धर्मगुरू पेन्शन घेणाऱ्यांतूनच निवडावेत आणि ती पेन्शन, अधिक लोकांनी दिलेली दक्षिणा, हाच त्यांचा चरितार्थ समजावा. दहा वर्षांपूर्वी जे वर्षासन वेदी सोडण्यासाठी दिले गेले होते, त्याच वर्षासनावर आता माणसांना वेदीपाशी परत उभे केले गेले. ज्यांनी लग्ने केली होती त्यांचे अर्ज पोपचा प्रतिनिधी कार्डिनल काप्रारा याच्याकडे गेले. हजारो माणसांनी त्याला लिहिले: कोणी लग्नाला मान्यता मागितली, कोणी पुन्हा धर्मगुरू होण्याची परवानगी. ही पत्रे पॅरिसच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

मठ बंद करून मठवाशांना पेन्शन देण्याची ही फ्रेंच रीत पुढे इतर देशांनी उचलली. पोर्तुगालने ३० मे १८३४ च्या फर्मानाने पुरुषांचे सारे धर्मसंघ बरखास्त केले आणि बाहेर पडणाऱ्यांना पेन्शन देऊ केली. यादवी युद्धात उदारमतवाद्यांविरुद्ध शस्त्र धरलेल्यांना मात्र वगळले. १८३५ मध्ये ते फर्मान गोव्यात लागू झाले. जुन्या गोव्याच्या डोंगरावरचा ऑगस्टिनियन मठ त्या वेळी ओस पडला, १८४२ मध्ये त्याच्या चर्चचे छत कोसळले. तिथे आज उभा असलेला बुरुजाचा अवशेष पाहणाऱ्यांना या फर्मानाचे नाव सहसा ठाऊक नसते.

फ्रान्समध्ये उरलेले एकोणिसावे शतक या बाबतीत ओसाड आहे. १८५३ मध्ये वृद्ध आणि आजारी धर्मगुरूंसाठी सरकारी निवृत्तिनिधी निघाला, पण तो पदावर असताना म्हातारे झालेल्यांसाठी होता. झगा उतरवणाऱ्याला ना निधी, ना नोकरी. सेमिनरीतले, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेतले, शिक्षण बाहेरच्या जगात कोणत्या कामाचे, हा प्रश्न चाळिशीतल्या माणसासमोर उभा राही. बायबलचा अभ्यासक आल्फ्रेड ल्वाझी याला चर्चने मार्च १९०८ मध्ये बहिष्कृत केले आणि १९०९ मध्ये त्याला कोलेज द फ्रांसमध्ये अध्यासन मिळाले, पण तो अपवाद होता. गावातल्या साध्या धर्मगुरूला असे अध्यासन कोण देणार?

९ डिसेंबर १९०५ रोजी चर्च आणि राज्य यांची फारकत झाली आणि धर्मगुरूंचा सरकारी पगार पुन्हा थांबला. या कायद्याचे ११ वे कलम विचारपूर्वक लिहिलेले आहे. साठी ओलांडलेल्या आणि सरकारी पगारावर किमान तीस वर्षे सेवा केलेल्याला पगाराच्या तीन चतुर्थांश इतकी तहहयात पेन्शन. पंचेचाळीसच्या वरच्या आणि किमान वीस वर्षे सेवा केलेल्याला निम्मी. कमाल १५०० फ्रँक. बाकीच्यांना चार वर्षे उतरता भत्ता: पहिल्या वर्षी पूर्ण पगार, मग दोन तृतीयांश, मग निम्मा, मग एक तृतीयांश. हजाराहून कमी वस्तीच्या गावात राहून जो धर्मगुरू काम चालू ठेवील त्याच्यासाठी प्रत्येक टप्प्याची मुदत दुप्पट. १७९३ चा कायदा सोडून जाणाऱ्याला देत होता, १९०५ चा कायदा गावात टिकून राहणाऱ्याला थोडे जास्त देत होता. पण मूळ पेन्शनसाठी श्रद्धेची कोणतीही अट नव्हती. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली तर पेन्शन जाई. विश्वास गमावला म्हणून जात नसे. मागे झालेल्या सेवेचा मोबदला पुढच्या मतावर अवलंबून ठेवायचा नाही, हे तत्त्व फ्रेंच कायद्यात प्रथम स्वच्छपणे आले ते इथे. त्या वेळी जर्मनीच्या ताब्यात असलेल्या आल्सास आणि मोझेल भागांत हा कायदा पोहोचला नाही, आणि तिथे धर्मगुरूंना आजही सरकारी पगार मिळतो.

ही पेन्शन १९०५ मध्ये सेवेत असलेल्यांपुरतीच होती. पुढच्या पिढीचा भार चर्चवर आला, आणि चर्चचा स्वतःचा कायदा सोडणाऱ्याच्या बाजूचा नव्हता. १९१७ च्या धर्मसंहितेतील ६४३ वे कलम सांगते की संघ सोडणाऱ्याला तिथे केलेल्या कामाबद्दल काहीही मागता येणार नाही. हुंड्याविना घेतलेल्या आणि स्वतःचे पोट भरू न शकणाऱ्या स्त्रीला तेवढे घरी पोचण्यापुरते आणि काही काळ तग धरण्यापुरते दयेपोटी द्यावे. १९८३ च्या नव्या संहितेत ७०२ व्या कलमाने तोच नियम ठेवला, मात्र सोडून जाणाऱ्याशी न्यायबुद्धीने आणि ख्रिस्ती प्रेमाने वागावे, अशी आज्ञा जोडली. ‘मागता येणार नाही’ आणि ‘प्रेमाने द्यावे’ या दोन वाक्यांमधल्या फटीत अनेक आयुष्ये अडकली. वीस वर्षे इस्पितळात रुग्णसेवा केलेली धर्मभगिनी बाहेर पडताना एक पेटी आणि थोडी रोकड घेऊन निघे. तिने केलेल्या कामाची नोंद कोणत्याही पगारपत्रकात नव्हती, कारण व्रतस्थ स्त्री ही संघाची नोकर नसते, असे मानले जाई.

ऑक्टोबर १९४५ मध्ये फ्रान्सने सामाजिक सुरक्षेची राष्ट्रीय व्यवस्था उभारली, पण कॅथलिक धर्मगुरू आणि संघ तिच्या बाहेर राहिले. धर्मगुरूला पगारदार मानले की बिशप मालक ठरेल आणि राज्य पुन्हा चर्चच्या कारभारात शिरेल, ही भीती होती. फारकतीचे कडू दिवस अनुभवलेली माणसे तेव्हा हयात होती, त्यामुळे ती भीती समजण्यासारखी आहे. तिची किंमत मात्र ज्यांनी मोजली ते वेगळेच लोक होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, विशेषतः १९६८ च्या पुढे, फ्रान्समध्ये धर्मगुरू, मठवासी आणि धर्मभगिनी मोठ्या संख्येने बाहेर पडू लागल्या. नोव्हेंबर १९६८ मध्ये काही धर्मगुरूंनी ‘एशांज ए दियालोग’ हा गट काढून नोकरी करण्याचा आणि लग्न करण्याचा हक्क उघडपणे मागितला. चाळिशीत नव्याने कामाला लागलेल्या या माणसांच्या नावे आधीच्या वर्षांची एका पैचीही वर्गणी भरलेली नव्हती.

डिसेंबर १९७४ च्या कायद्याने प्रत्येक फ्रेंच नागरिकाला सामाजिक सुरक्षेखाली आणायचे ठरवले आणि त्यातून २ जानेवारी १९७८ चा कायदा आला. अन्य कोणत्याही सक्तीच्या योजनेत नसलेल्या सर्व धर्मांच्या सेवकांसाठी आणि धर्मसंघांच्या सदस्यांसाठी आजारपणाचा एक आणि म्हातारपणाचा एक असे दोन निधी स्थापन झाले. २००० मध्ये ते एकत्र करून काव्हिमाक हा निधी झाला. नव्या कायद्याने १९७९ पूर्वीची धर्मसेवेची वर्षेही, वर्गणी भरलेली नसताना, पेन्शनसाठी धरली. माणूस अजून आत आहे की बाहेर पडला आहे, हे विचारले गेले नाही. १९०५ चे तत्त्व सत्तर वर्षांनी परत आले.

पण रक्कम अगदी तुटपुंजी होती. १९९८ पासूनच्या वर्षांसाठी ती देशाच्या सर्वसाधारण योजनेशी जोडली गेली. आधीची वर्षे जुन्या कमी दरानेच राहिली. आणि सारखी रक्कम म्हणजे सारखी अवस्था नव्हे. संघात राहिलेल्या वृद्धाला घर, जेवण आणि शुश्रूषा संघाकडून मिळते. धर्मसंहितेच्या ६६८ व्या कलमाप्रमाणे त्याची पेन्शनही संघाच्या सामाईक खात्यात जाते. बाहेर पडलेल्याला त्याच रकमेतून घरभाडे, इंधन आणि औषधे भागवावी लागतात. समान तक्ता आत असलेल्याला पुरे, बाहेर असलेल्याला अपुरा. हे दाखवून देण्यासाठी माजी धर्मगुरू आणि माजी धर्मभगिनींनी ‘सन्मान्य निवृत्तिवेतनासाठी संघटना’ अशा अर्थाच्या नावाने एकत्र येऊन लढा दिला.

त्यांचा मोठा वाद वर्षांच्या मोजणीचा होता. निधीने आपल्या अंतर्गत नियमांत ठरवले होते की धर्मसंघाच्या सदस्याची सेवा पहिल्या व्रतापासून मोजायची आणि धर्मप्रांताच्या धर्मगुरूची दीक्षेच्या ठरावीक टप्प्यापासून. त्याआधीची उमेदवारी, नवदीक्षितपण आणि सेमिनरीतली वर्षे हिशेबात नव्हती. फ्रान्समध्ये पेन्शन तिमाह्यांवर मोजली जाते. पूर्ण दरासाठी आधी १५० आणि १९९३ च्या सुधारणेनंतर १६० पर्यंत तिमाह्या लागत. समजा एखादी मुलगी अठराव्या वर्षी मठात आली आणि एकविसाव्या वर्षी तिने पहिले व्रत घेतले. तिच्या बारा तिमाह्या गेल्या. सहा वर्षे सेमिनरीत काढलेल्या तरुणाच्या चोवीस गेल्या. त्या वर्षांत त्यांनी पहाटे प्रार्थना केली होती, फरश्या पुसल्या होत्या, आजाऱ्यांना भरवले होते. घरी राहून वेगळी नोकरी करण्याची मोकळीक त्यांना नव्हती. निधीच्या विवरणपत्रात मात्र त्या रकान्यात शून्य होते.

२२ ऑक्टोबर २००९ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने माजी सेवकांच्या बाजूने निकाल दिला. सामाजिक सुरक्षेच्या योजनेत कोण येतो हे देशाचा कायदा ठरवतो, धर्मसंस्थेची अंतर्गत व्याख्या नव्हे, असा त्याचा आशय होता. १६ नोव्हेंबर २०११ रोजी राज्य परिषदेने, म्हणजे देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने, निधीचा तो नियमच रद्द केला, कारण असा नियम करण्याचा अधिकार निधीला नव्हता. महिनाभरात संसदेने नवे कलम आणले: १ जानेवारी २०१२ पासून सुरू होणाऱ्या पेन्शनसाठी प्रशिक्षणाची वर्षे धरायची असतील तर त्या व्यक्तीने पैसे भरून ती विकत घ्यावीत. कोर्टात मिळालेले कायद्याने परत घ्यायचा हा प्रयत्न होता, आणि तो अन्यायाचा होता. सत्तरीकडे झुकलेल्या, तुटपुंज्या पेन्शनवर जगणाऱ्या माणसाने स्वतःच्या तारुण्यातली वर्षे विकत घ्यायची, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

मे २०१४ मध्ये सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने आपली कसोटी पुन्हा सांगितली. व्रत केव्हा घेतले यावर सदस्यत्व ठरत नाही. माणूस समूहात राहत होता का आणि त्याचे काम मुख्यतः आपल्या धर्माच्या सेवेत होते का, एवढेच पाहायचे. पुढे त्याने दीक्षा ठेवली की सोडली, याला त्या कसोटीत स्थान नाही.